परीच्या पंखाची शिलाई

मोगरवाडी नावाचं एक इवलंसं गाव होतं. इतकं इवलं, की या टोकाला कोणी शिंकलं तर त्या टोकाचं कुत्रं कान टवकारायचं. गावाच्या कडेला, जिथे रंगीबेरंगी फुलांचं रान सुरू व्हायचं, तिथे एका लहानशा घरात छबू आणि तिची आई गिरिजा राहायच्या. घरात होतं काय? एक चूल, दोन घोंगड्या आणि काळं कुळकुळीत, सोनेरी वेलबुट्टीचं शिवणाचं मशीन!

आई इतकं सुंदर शिवायची, की तिचं झबलं घातलं की रडकी बाळंसुद्धा हसायची. पण कपडे तयार झाले आणि कोणी विचारलं, "शिलाई किती झाली?" की आई लाजायची. पदर सावरायची, जमिनीकडे बघायची आणि हळूच म्हणायची, "द्या काय द्यायचं ते."

आता गावातली माणसं काही दुष्ट नव्हती. पण असं मोघम बोललं की माणसाचा हात आपोआप आखडतो, त्याला कोण काय करणार? कोणी अर्धा भोपळा द्यायचं, कोणी तांब्याभर ताक. कोणी म्हणायचं, "पुढच्या खेपेला बघू," आणि पुढच्या खेपेला काही बघायचं नाही. घरात इतके भोपळे झाले, की छबूला स्वप्नंसुद्धा पिवळीधमक पडायची. पण भोपळा घेऊन दुकानदार दोरा थोडाच देतो!

त्यात आईचे डोळे अधू झाले. मिणमिणत्या दिव्यापाशी शिवून शिवून तिला सुईचं नेढंच दिसेना. बाजाराच्या गावी चष्मे मिळायचे, पण त्याला पैसे हवेत. एके सकाळी आई म्हणाली, "छबू, येत्या बाजाराला मशीन विकून टाकू या. मला टीप सरळ येत नाही गं आता."

हे तिने अगदी शांतपणे सांगितलं. पण सांगताना ती मशीनच्या चाकावरून हात फिरवत होती. मशीन गेलं तर आईचं सगळंच गेलं, हे छबूला कळत होतं.

सुईची डबी आणि तुरपाईचा परकर घेऊन ती फुलांच्या रानात जाऊन बसली. तिथे गुलाबी तेरडा डोलत होता, सोनकीची पिवळी पिवळी फुलं चमचमत होती, इटुकली निळी फुलपाखरं भिरभिरत होती. छबू थोडी रडली. परकर बाजूला ठेवून रडली, कारण कापडावर डाग पडला असता.

तेवढ्यात करवंदीच्या जाळीतून बारीक आवाज आला. छबूने वाकून पाहिलं, आणि तिचे डोळे विस्फारले. काट्यांत एक परी अडकली होती! बोटाएवढी उंच, अबोलीच्या रंगाचा झगा, केसांत दवाचे टपोरे थेंब. तिचा चंदेरी पंख टर्रकन फाटला होता.

छबूने एकेक काटा बाजूला करून तिला तळहातावर घेतलं. मग आपलं लाडकं निळं रेशमी रीळ काढलं. ते तिने कित्येक महिने जपून ठेवलं होतं, पण त्या क्षणी तिला ते जपल्याची आठवणसुद्धा झाली नाही. बारीक सुईने, श्वास रोखून, तिने तो पंख शिवायला घेतला. काम फार नाजूक होतं. ऊन जांभळाच्या शेंड्यावरून बुंध्याशी उतरलं, रीळ संपलं, तेव्हा कुठे शेवटची गाठ बसली.

परीने पंख फडफडवला. टाके दिसतसुद्धा नव्हते! ती आनंदाने गिरकी घेऊन म्हणाली, "मी जरतारी परी. किती सुरेख शिवलंस गं! शिलाई किती झाली?"

छबू लाजली. जमिनीकडे बघत अगदी आईसारखंच म्हणाली, "द्या काय द्यायचं ते."

जरतारीने नाक आक्रसलं, डोळे मिटले आणि, आं... छी! हवेत सोनेरी धुळीचा एक ढग उडाला आणि विरून गेला.

"घे," परी म्हणाली. "सकाळपासून मला एक शिंक द्यायची होती. तूच म्हणालीस ना, काय द्यायचं ते द्या?"

छबूला हसावं की रुसावं ते कळेना. मग परीने तिला जवळ बसवून समजावलं. परीराज्यात म्हणे मोघम चालत नाही. इच्छा मागायची, तर कपड्याचं घेतात तसं नीट माप घेऊन मागायची. कमी मागितलं, तर मिळालेलं विरून जातं. जास्त मागितलं, तर घातलेले टाके उसवतात. जेवढ्यास तेवढं मागितलं, तरच ते टिकतं.

छबूने घाबरत घाबरत एक चाफ्याचं फूल मागितलं. ते हातात आलं, घमघमलं आणि वाऱ्यासारखं नाहीसं झालं. फारच कमी! मग तिने डोळे गच्च मिटले आणि मनातलं सगळं सांगून टाकलं, "माझ्या आईचे डोळे पहिल्यासारखे होऊ देत."

टच्! पंखाचा एक टाका उसवला. परी कळवळली. छबूने झटकन सुई उचलली. सुईत उरलेल्या धाग्याच्या टोकाने टाका पुन्हा घातला, पंखावर हळूच फुंकर घातली.

"लागलं का गं? मला काही नको," ती म्हणाली. "तू घरी जा."

"असं म्हणू नकोस," परी मायेने म्हणाली. "डोळे फार मोठे, राणी. एका पंखात ते बसत नाहीत. पण तुझं जे आहे, ते तू का सोडतेस?"

छबू विचार करू लागली. विचार करता करता तिचे गाल लाल झाले. आपलं काय काय गेलं या पंखात? रीळ गेलं. जांभळाच्या शेंड्यापासून बुंध्यापर्यंत वेळ गेला. आणि टाका असा बारीक घालायला ती कितीतरी वेळा बोटं टोचून घेऊन शिकली होती, तेही आलंच की! ती उठून उभी राहिली आणि या वेळी जमिनीकडे न बघता बोलली.

"माझ्या धाग्याला धागा दे. मी तुझ्याजवळ बसले तेवढा वेळ तू उद्या माझ्याजवळ बस. आणि माझ्या हाताला शिवण येतं, तसं तुझ्या हाताला जे येत असेल, ते माझ्यासाठी कर."

दोघींनी कान टवकारले. एकही टाका उसवला नाही! छबूच्या मुठीत मोरपंखी रंगाचं झुळझुळीत रीळ आलं, आणि ते तिथेच राहिलं. परी टाळ्या पिटत म्हणाली, "माझ्या हाताला उजेड करता येतो. उद्या येते!"

छबू घरी पळत सुटली. रात्री अंथरुणावर तिने आईला नाना प्रश्न विचारले. हुक केवढ्याचे, अस्तर केवढ्याचं, परकर-पोलकं शिवायला किती दिवस लागले, आणि तेवढे दिवस बाई दुसऱ्याच्या शेतात गेली तर तिला काय मिळतं. आई जांभया देत सांगत होती. छबू मनातल्या मनात माप घेत होती.

दुसऱ्या दिवशी मोठ्या घरच्या इंदूकाकू नातीचं खणाचं परकर-पोलकं न्यायला आल्या. जरतारी मशीनच्या चाकावर बसली होती. ती फक्त छबूला दिसत होती. तिने बोटं हलवली, आणि कपड्यांवर लख्ख, कोवळा उजेड पडला. आतली दुहेरी टीप, अस्तराची शिवण, झालरीची एकेक चुणी दिसू लागली.

"शिलाई किती झाली गं गिरिजा?" काकूंनी विचारलं.

आईने पदर सावरला. "द्या काय..."

"नऊ रुपये झाले, काकू," छबू म्हणाली. तिची नजर खाली गेली नाही. तीन रुपये सामानाचे आणि सहा आईच्या दिवसांचे, असं तिने एकेक शिवण दाखवत सांगितलं.

काकूंच्या भुवया वर गेल्या. "सहात दे."

"सहात देते," छबू म्हणाली, "पण मग झालर आणि अस्तर काढून घ्यावं लागेल."

काकूंनी झालरीकडे पाहिलं. झालर फारच गोड होती. त्या खो खो हसू लागल्या. म्हणाल्या, "बरं झालं बाई, कोणीतरी सांगितलं! दर वेळी मी काहीतरी द्यायची आणि घरी जाऊन कमी दिलं की काय म्हणून मलाच रुखरुख लागायची." आणि त्यांनी नऊ रुपये आईच्या हातावर ठेवले. आईची मूठ मिटेचना. आता चष्मा येईल, मशीन विकायचं नाही, हे तिला त्या क्षणी कळलं, आणि ती छबूला कुशीत घेऊन रडली.

इतक्यात सखू मोळीवाली पोराला घेऊन दाराशी आली. पोराच्या सदऱ्याचा खांदा फाटला होता. छबूने सुई ओवून दिली आणि आईने त्याच उजेडात तो शिवून दिला. सखूने संकोचत विचारलं, "किती झालं?"

आईने मान वर केली. "एक रुपया झाला, सखू," ती स्वच्छ म्हणाली. "आणि तो मी घेणार नाही. पोराला माझ्याकडून."

ते ऐकताच जरतारी चाकावरून उठली. छबूजवळ बसायचा तिचा वेळ भरला होता. शिवलेला पंख पसरून ती छबूच्या गालाला चाटून गेली आणि झगमगत, मोठी मोठी होत, नुसता सोनेरी प्रकाश होऊन गेली. सखूचं पोर त्या प्रकाशाकडे बघून खिदळलं.

बाजाराच्या दिवशी मायलेकी चष्मा आणायला गेल्या. आईने तो नाकावर चढवला आणि आधी छबूकडेच पाहिलं. पुष्कळ वेळ पाहत राहिली.

"छबू," ती म्हणाली, "तुझ्या हनुवटीवर हा तीळ कधी आला गं?"