न कापलेली पाने

एकदा एका वृद्ध गणितज्ञांच्या हाती त्यांच्या शिष्याने आपला प्रबंध ठेवला. तीन वर्षांची तपश्चर्या होती ती. त्यातले प्रमेय जगात प्रथमच सिद्ध झाले, अशी त्याची खात्री होती. गुरुजींनी सावकाश वाचले आणि म्हणाले की, फार पूर्वी एका मराठी गणित-त्रैमासिकात ठोसर नावाच्या शाळामास्तरांच्या अशाच काही लेखाचे शीर्षक तेवढे पाहिल्याचे अंधुक आठवते; तो अंक आधी शोध, मग प्रबंध दे.

शिष्य बिचारा निघाला. त्रैमासिक पाच अंक काढून बंद पडलेले. विद्यापीठात कुणाला नावही ठाऊक नव्हते. एका ग्रंथपालाने तर, असले मासिक लोक घेत होते का हो, असे उलट त्यालाच विचारले. चार महिने वणवण झाली. अखेर एका तालुक्याच्या वाचनालयात, जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यामागे, हवा तो अंक सापडला.

त्या त्रैमासिकाची पाने कडेला जोडलेली येत; वाचणाऱ्याने ती सुरीने कापून घ्यायची. ठोसरांच्या लेखाची पाने चाळीस वर्षांनंतरही तशीच जोडलेली होती. शिष्याने घडीत डोकावून पाहिले. आत त्याचेच प्रमेय होते, सिद्धतेसकट. खरे सांगायचे तर, अंक पुन्हा गठ्ठ्यामागे सरकवावा असे त्याच्या मनात येऊन गेले. कुणाला कळणार होते? पण गुरुजींशी खोटे बोलायला त्याची जीभ रेटेना. सही करून तो अंक घेऊन आला आणि सगळे सांगून टाकले.

गुरुजींनी सांत्वन केले नाही. त्यांनी पावशेर पेढे मागवले, कागद कापायची सुरी त्याच्या हाती दिली आणि सांगितले की ठोसर मास्तर हयात आहेत. पेढे घेऊन जा आणि पाने त्यांच्यासमोर काप.

शिष्य दुखावला. माझी तीन वर्षे पाण्यात गेली आणि पेढेही मीच न्यायचे? शिवाय ती जोडलेली पाने पाहून त्या म्हाताऱ्या माणसाला काय वाटेल?

"आपलं कुणी वाचलं नाही, हे त्यांना चाळीस वर्षं ठाऊक आहे," गुरुजी म्हणाले. "कुणीतरी वाचलं, हे अजून ठाऊक नाही. सिद्धता खरी ठरायला वाचक लागत नाही रे, पण ती लिहिणाऱ्या माणसाला लागतो. तू तीन वर्षं त्याच प्रश्नाशी झटलास. त्यांना याहून चांगला वाचक कोण मिळणार?"

शिष्य गेला. त्याने पाने कापली, तिथेच बसून लेख वाचला. मास्तर शेवटपर्यंत त्याच्याकडे बघत होते. मग त्यांनी एवढेच विचारले, "सातवी पायरी पटली का? तिथं माझे आठ महिने गेले."

"माझं वर्ष गेलं," शिष्य म्हणाला. तिथून आपण वेगळ्याच वाटेने सुटलो, हेही त्याने सांगितले. ते ऐकताच मास्तरांनी खुर्ची जवळ ओढली. दोघांचा चहा गार झाला.

शिष्याने प्रबंध नव्याने लिहिला. पहिल्या पानावर ठोसर मास्तरांच्या सिद्धतेचा मान, पुढे आपली दुसरी वाट. एक प्रत त्यांना पाठवली. आठ दिवसांनी पोस्टकार्ड आले: सर्व वाचले, वाट पटली, मात्र बाराव्या पानावर एक चिन्ह चुकले आहे.

चिन्ह खरोखरच चुकले होते. शिष्याने ते कार्ड दोनदा वाचले आणि गुरुजींकडे जाताना, कुणी न सांगता, पेढे घेतले.