आसरझरीची तांबडी विहीर

आसरझरीच्या वेशीवर एक विहीर आहे. भर उन्हाळ्यातसुद्धा काठोकाठ भरलेली, इतकी की वाकून हात बुडवावा. पाणी मात्र तांबूस आणि वर तेलकट साय धरलेलं. गुरंदेखील त्याला तोंड लावत नाहीत. तरी गावातली प्रत्येक बाळंतीण विहीर पुजायला येते ती घरून घागर भरून आणते आणि या भरलेल्या विहिरीत ओतते. पाहुण्यांना हसू येतं. मग पारावरचे डोमाजी मेश्राम त्यांना बसवून घेतात. "हसा जी," म्हणतात, "पण आधी आयकून तं घ्या."

फार मागे, असे सांगतात, या विहिरीचं पाणी इतकं गोड होतं की सासरी परतणाऱ्या लेकी तांब्याभर सोबत नेत. मग गावाखाली कोळसा लागला. खाण उघडली आणि लटारी नावाच्या गड्याला खाली पंपावर काम मिळालं. खाणीत चहूबाजूंनी पाणी झिरपतं. ते उपसून फेकलं नाही तर आतली माणसं बुडायची. म्हणून पंप थांबत नसे, आणि जाड पाइपातून पाणी बाहेरच्या नाल्यात पडत राही.

त्याच सुमारास विहीर खाली जाऊ लागली. गावाने गाळ काढला, आणखी खोल खणली. जितकी खणावी तितकं पाणी पुढे पळे. पाण्यातल्या देवी, साती आसरा, रुसल्या म्हणून नारळ झाले, कोंबडं झालं. शेवटी बाया नाल्यावर पाइपाचं पाणी भरू लागल्या आणि लटारीला दुवा देऊ लागल्या. "लटारीभाऊच्या हाताले पाणी आहे, बाई!" लटारीची छाती फुगे. पंपाचा आणि विहिरीचा काही संबंध असेल हे त्याच्या डोक्यात आलं नाही. गावात कुणाच्याच आलं नाही.

मग त्याची बायको सयत्रा बाळंत झाली. विहीर पुजल्याशिवाय बाळंतिणीने घरच्या कामाला हात लावायचा नाही, ही रीत. सयत्राने तळाशी उरलेलं डबकं पाहिलं आणि तिला रडूच फुटलं. ओंजळभर हळद आणि हळदीचे तांदूळ आत सोडून ती म्हणाली, "माय, कुठी गेली वं तू? जिथं असशीन तिथं हे घे."

दुसऱ्या दिवशी, म्हणे, खाणीत पंप जिथून पाणी ओढे त्या हौदात पिवळं पाणी आलं. लटारीने टोपीवरचा दिवा जवळ नेला. पिवळंच, आणि वर तांदळाचे दाणे. साहेब म्हणाला, "दगडातला गंधक असेल तो." लटारीने ओंजळ नाकाशी नेली. घरच्या हळदीचा वास आला. तो पार चक्रावला. दगडात हळद कशी येईल? आणि ती सयत्राचीच असेल, तर आपण इतके दिवस उपसतोय तरी काय?

त्याने पंप बंद केला. का केला, हे त्यालाही सांगता आलं नसतं. पाणी घोट्यावर चढलं आणि खालच्या बोगद्यात कोळसा फोडणाऱ्या सयत्राच्या भावाची हाक आली, "भाऊजी, पाणी येऊन रायलं! पंप चालवा!" एकीकडे गावाची विहीर, एकीकडे सख्खा मेहुणा. लटारी हमसून रडला आणि त्याने पंप सुरू केला.

सुटी झाल्यावर त्याने पाइपाच्या तोंडाशी घागर भरली, गावात आणली आणि विहिरीत ओतली.

सयत्राने विचारलं, "एका घागरीनं विहीर भरते का जी?"

"नाही भरत."

"मंग?"

"मले काही समजून नाही रायलं, सयत्रा. पण रिकाम्या हातानं हिच्यासमोरून जाववत नाही."

पोटासाठी पंप सुटला नाही, आणि घागरही सुटली नाही. कामावरून येताना एक घागर विहिरीला, हा त्याचा नेम झाला. लोक त्याला खुळा म्हणत. त्याने ते कधी मनावर घेतलं नाही.

पुढे कोळसा संपला, खाण बंद पडली, पंप थांबले. लटारी म्हातारा झाला होता, तेव्हा पोरंबाळं ओरडत आली की विहीर भरली! सारा गाव लोटला. पहिल्या ओंजळीचा मान लटारीला मिळाला. बंद खाणीतून चढून आलेलं पाणी तांबडं होतं आणि चव लोखंड चाटल्यासारखी. जन्मभर मागितलेलं पाणी त्याला थुंकवेना आणि गिळवेना.

"हे आपलंच आहे का जी?" सयत्राने विचारलं.

असे सांगतात की लटारी घरी गेला, रांजणातल्या चांगल्या पाण्याची घागर भरून आला आणि त्या भरलेल्या विहिरीत त्याने ती ओतली.

विहीर परत आली की कायमची गेली, याचा निवाडा गावाला अजून करता आलेला नाही.

आजही बाळंतीण येते ती टँकरच्या पाण्याची घागर घेऊन. आधी हळद सोडते. तांबड्या पाण्यात ती कुठे जाते ते दिसत नाही. मग घागर उचलते. एखाद्या नव्या सुनेचा हात आखडतो, कारण टँकर रोज येत नाही. तेव्हा सासू मागून म्हणते, "ओत वं बाई, सारी ओत. तिले तिची जुनी चव आठवली पाहिजे."