तक्रार नसलेलं गिऱ्हाईक

तासगावच्या आण्णासाहेब मगदुमांची अट ऐकली की सॉफ्टवेअरवाले आल्या वाटेने परत जात. अट दिसायला साधी होती. आपल्या सॉफ्टवेअरबद्दल ज्याची आजवर एकही तक्रार नाही, असं गिऱ्हाईक माझ्यासमोर आणून बसवा आणि माझ्या कोल्ड स्टोरेजचं काम घेऊन जा.

आण्णासाहेबांचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज म्हणजे त्या भागातलं बडं प्रस्थ, त्यामुळे पुण्या-कोल्हापूरहून माणसं येतच राहायची. एकाने चक्क आपल्या मेहुण्यालाच गिऱ्हाईक म्हणून आणलं. आण्णासाहेबांनी त्याला चहा पाजला, घरची चौकशी केली आणि हळूच विचारलं, अधूनमधून बंद पडतं का हो तुमचं? मेहुण्याने मग जे मन मोकळं केलं, ते चहा दुसऱ्यांदा येईपर्यंत. दुसऱ्या एकाने भिंतीवर रंगीत चित्रं पाडून 'डिजिटल परिवर्तन' समजावलं. आण्णासाहेबांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि जाता जाता त्याच्याकडून ऑफिसचा अडकलेला प्रिंटर दुरुस्त करून घेतला. कामासाठी आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवायचं, पण त्याचे हात रिकामे ठेवायचे नाहीत, ही त्यांची पद्धत होती.

विट्याच्या शर्वरी तारळेकरच्या कानावर ही अट गेली, तेव्हा तिच्याकडे गमावण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. पुण्यातली नोकरी सोडून तिने स्वतःचं काम सुरू केलं होतं. भेटेल तो तिच्या धाडसाचं कौतुक करी, आपल्या भाच्याला नोकरी लावायला म्हणून तिचा नंबर घेई, आणि कामाचं 'दिवाळीनंतर बघू' म्हणे. दिवाळी होऊन गेली. जुन्या कंपनीने परत बोलावलं होतं आणि सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. आईने तर न विचारताच तिची बॅग माळ्यावरून काढून पुसून ठेवली होती.

शर्वरी तासगावला गेली. तिने आण्णासाहेबांना एवढंच विचारलं, की गिऱ्हाईक माझंच असायला हवं का?

"कुणाचंही आण. माणूस खरा पाहिजे," आण्णासाहेब म्हणाले.

मग तिने स्टोरेजचं काम बघायची परवानगी मागितली. ती त्यांनी दिली, आणि त्याआधी आपल्या मोबाइलमधले हजारो 'सुप्रभात'चे मेसेज तिच्याकडून पुसून घेतले.

दिवसभर ती हिंडली. शेतकऱ्यांचे फोन अखंड चालू होते. माझे किती बॉक्स शिल्लक आहेत, कोणत्या खोलीत आहेत? मॅनेजर भूपाल शिरोटे प्रत्येक फोनला 'थांबा, बघून सांगतो' म्हणायचा आणि स्वेटर चढवून त्या गारठ्यात शिरायचा. ऑफिसच्या कोपऱ्यात टेबलावर काहीतरी कापडाखाली झाकलेलं होतं. शर्वरीने कापड उचललं. आत कॉम्प्युटर होता. त्याच्या कपाळावर खंडेनवमीचं हळदकुंकू होतं आणि गळ्यात झेंडूची सुकलेली माळ.

भूपाल घाबरला. स्टोरेजसाठी आण्णासाहेबांनी मागेच एक भारी सॉफ्टवेअर घेतलं होतं, असं त्याने खालच्या आवाजात सांगितलं. आमदारांनी फीत कापली, पेढे वाटले. पासवर्ड ज्या पोराजवळ होता, तो पुढच्याच महिन्यात नोकरी सोडून गेला. तेव्हापासून वर्षातून एकदा पूजा तेवढी होते. आण्णासाहेबांना वाटतं, ते चालू आहे, म्हणून तर येणाऱ्या नव्या माणसाला ते ही अट घालतात.

"माझं नाव सांगू नका, मॅडम," तो म्हणाला. तिने तसा शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी बेदाण्याचे सौदे आटोपून आण्णासाहेब व्यापाऱ्यांबरोबर गप्पा मारत बसले होते. शर्वरी आत आली. तिच्याबरोबर कुणीच नव्हतं.

"गिऱ्हाईक कुठाय?" त्यांनी विचारलं.

"बसलंय ना इथंच. तुम्ही."

व्यापाऱ्यांनी चहाचे कप खाली ठेवले.

"तुम्ही स्वतः सॉफ्टवेअर घेतलंय, आण्णासाहेब. ते देणाऱ्याला आजवर एक तरी तक्रारीचा फोन गेलाय का?"

आण्णासाहेबांनी आठवून पाहिलं. मग जरा अभिमानानेच म्हणाले, की नाही, एकही नाही. आणि खात्री करायला त्यांनी भूपालला हाक मारली. शर्वरीने चटकन दाराकडे पाहिलं. आपण त्याचं नाव घेतलं नाही, पण वेळ त्याच्यावरच आली.

"एकदाही नाही, आण्णा," भूपाल फरशीकडे बघत म्हणाला. "तक्रार करायची तर आधी ते चालू करायला लागतं."

आण्णासाहेबांचा चेहरा लालबुंद झाला. सबंध तालुक्याला ते सांगत आले होते, की आमचं सगळं कॉम्प्युटरवर आहे. आणि ते खरं होतं. हळदकुंकूसुद्धा कॉम्प्युटरवरच होतं.

"बरं," ते अखेर शर्वरीकडे वळले. "अट पुरी झाली. पण तुझ्या सॉफ्टवेअरची तरी हमी काय?"

"पहिल्या दिवसापासून तक्रारी येतील," शर्वरी म्हणाली. "भूपालदादांचे, हमालांचे, शेतकऱ्यांचे, सगळ्यांचे फोन येतील. हे मी लिहून देते. ज्या दिवशी एकही फोन येणार नाही, त्या दिवशी मी स्वतः इथं येईन, कॉम्प्युटरवर कापड पडलं का बघायला."

आण्णासाहेब आधी गालात हसले, मग मांडीवर थाप मारून मोठ्याने, आणि शेवटी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. काम तिथंच ठरलं. आगाऊ रकमेचा चेक लिहून त्यांनी तो भूपालच्या हस्ते तिला दिला, आणि गेल्या खेपेसारखी फीत कुणी आणायची नाही, अशी ताकीदही दिली.

आण्णासाहेब हसत होते तेव्हा व्यापारी मात्र फारसे हसले नव्हते. शर्वरी बाहेर येऊन चपला घालू लागली, तसा त्यांतला एकजण तिच्यामागे आला, इकडेतिकडे बघून घेतलं आणि हळूच म्हणाला, "ताई, आमच्याकडंपण एक आहे तसलं. माळ घातलेलं. कधी येताय?"

तिने तारीख दिली. मागे वळून पाहिलं तर दारापाशी आणखी चौघे उभे होते, आणि प्रत्येकजण पुढचा जायची वाट बघत होता.