येऊ द्या

"मग जाऊ का नको, वस्ताद?"

सुकुमार मगदूमनं सकाळपासून हेच धरलं होतं. खिशात कोल्हापुरातल्या नव्या दुकानाची किल्ली होती. पण वस्तादांनी हो म्हटल्याशिवाय तो ते कुलूप उघडणार नव्हता.

दस्तगीर वस्ताद म्हणजे गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा जुना माणूस. जयसिंगपूरच्या नाक्यावर त्यांची पत्र्याची शेड. मिसरूड फुटायच्या आधीपासून सुकुमार त्यांच्याकडंच शिकला. वस्तादांची एक वाईट खोड होती. विचारलं त्याचं उत्तर द्यायचे नाहीत, स्वतःच काहीतरी विचारत बसायचे.

"फ्यूज टाकलास का?"

"टाकला की. रिलेबी टाकलाय. राग मानू नका वस्ताद, पण असलं काम तुमच्या हातनं झालं नसतं."

"नसतंच झालं," वस्ताद हसून म्हणाले.

काम होतं वस्तादांच्याच जुन्या व्हॅनचं. रोज संध्याकाळी ती रिव्हर्स घेत शेडमध्ये घालावी लागे. एका बाजूला लोखंडी खांब, दुसऱ्या बाजूला बॅटऱ्यांची मांडणी. वस्तादांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागल्यापासून सुकुमार मागं उभा राहून सांगायचा, येऊ द्या, येऊ द्या.

आता तो निघाला, तर मागं कोण उभं राहणार? या काळजीनं त्यानं बंपरखाली एलईडीच्या दोन पट्ट्या बसवल्या होत्या. रिव्हर्स गिअर टाकला की आपोआप पेटणाऱ्या. बाजारातल्या तयार नव्हेत, स्वतः कापून जोडलेल्या.

गडी घमेंडी होता खरा. पण वस्तादांवर त्याचा जीव होता, आणि ते सगळ्या नाक्याला ठाऊक होतं.

"आता मागं कुणीबी उभं राहायला नको," तो म्हणाला. "बसा. घ्या मागं."

वस्ताद बसले. गिअर टाकला.

शेड लख्ख उजळली. खांबावरचा गंज दिसला, बॅटऱ्यांवरची धूळ दिसली. कोपऱ्यात झोपलेली मांजर उठून बाहेर गेली.

व्हॅन हलली नाही.

"दिसतंय का, वस्ताद?"

"दिसतंय की. झाडून काढायला झालंय."

"मग घ्या की."

…

इंजिन चालू होतं. वस्तादांचा पाय ब्रेकवर.

"गिअर अडकला काय?"

"नाही."

"मग?"

वस्ताद आरशात बघत बसून राहिले.

सुकुमार वैतागला. थोडा वेळ कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मग मागं गेला. उजेड थेट तोंडावर आला, तसा त्यानं एक हात डोळ्यांवर धरला आणि दुसरा वर केला.

"येऊ द्या…"

व्हॅन हलली.

"येऊ द्या… येऊ द्या… जरा डावीकडं… येऊ द्या… बास."

व्हॅन रोजच्या जागी थांबली.

वस्ताद उतरले. गुडघ्यावर हात देत मागं येऊन बसले आणि वायरच्या सांध्यावरून अंगठा फिरवला.

"एवढा साफ सांधा मी जन्मात केला नाही."

"मग हलला का नाहीत?"

"कुणी म्हटलं नाही."

"एवढं सगळं दिसत होतं की…"

"दिसत होतं."

सुकुमारनं खिशातली किल्ली काढली आणि बॅटरीवर ठेवली.

"मग मी जातच नाही. उद्या मी नसताना तुम्ही असेच ब्रेकवर पाय देऊन बसून राहणार."

"उद्या नाही बसायचो. आज तू होतास, म्हणून थांबलो."

…

वस्तादांनी किल्ली उचलली, तिच्यावरची धूळ सदऱ्याला पुसली. सुकुमारच्या खिशात टाकली आणि खिशावर थोपटलं.

"येड्या, पुढं जाताना कुणी येऊ द्या म्हणायला लागत नाही. मागं यायचं झालं, तर हाळी दे."