वाशाच्या पोटातला भार

एका डोंगराळ गावात एकदा एक वृद्ध स्थपती ओढ्यावर लाकडी साकव बांधीत होते. हाताशी यशोधर नावाचा शिष्य आणि गावचा सुतार धोंडीराम. साकव पुरा झाला, माणसे ये-जा करू लागली. आणि एके सकाळी यशोधरला दिसले, की साकवाला खालून पेलणारा एक तिरका वासा मध्येच वाकला आहे.

त्याच्या मनात लगेच धोंडीराम आला. भर कामात चारचौघांसमोर यशोधरने त्याला बोल लावला होता, तेव्हापासून सुतार अबोल होता. या वाशाचे लाकूड कोणी निवडले? त्यानेच. टोकांच्या खुंट्या कोणी ठोकल्या? त्यानेच. आणि आज वाकलेला वासा पाहून तो मान खाली घालून निघून का गेला?

“आचार्य, हा घात आहे,” यशोधर म्हणाला. “कच्चं लाकूड घातलंय त्याने. उद्या कुणी ओढ्यात पडलं तर? त्याला कामावरून काढा.”

आचार्यांनी साकव बंद करविला. फळ्यांखाली भक्कम टेकू उभे केले, पण वाशावरचा भार तसाच राहावा म्हणून वर बोटभर फट राखली. मग करवत घेऊन ते खाली उतरले आणि तो वासा खालच्या अंगाने कापू लागले. यशोधर चरकला. पुरावाच नाहीसा करताहेत! आचार्यही त्याला सामील की काय?

“इकडे ये. करवत अडकतेय का?”

“नाही. उलट चीर उघडतेय.”

“भुसा बघ. कोरडा आहे, लाकूड पक्कं आहे.” आचार्यांनी करवत थांबविली. “लाकडाच्या आत काय चाललंय ते छेद दिल्यावाचून कळत नाही. वासा फक्त दोन टोकांच्या खुंट्यांवर धरलेला असेल, मध्ये काही टेकलेलं नसेल, तर तो या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत सरळ रेषेत दाब सोसतो. तसं असतं तर त्याने करवत आवळून धरली असती. याचं पोट ताणलंय. कुणीतरी याला मध्येच दाबतंय. वर बघ.”

यशोधरने पाहिले. वाशाच्या मध्यावर एक आखूड खांब उभा होता, वरच्या तुळईला भिडलेला. धोंडीरामच्या खुंट्यांवर विसंबायला मन धजेना, म्हणून यशोधरनेच, कुणाला न विचारता, तो बसविला होता.

“मी आधार म्हणून...”

“तुळईला तो आधार झाला. तिचा भार मात्र वाशाच्या पोटावर आला.”

यशोधर तडक सुताराच्या घरी गेला. धोंडीराम अंगणात बसून होता. याला पाहताच तो उठला.

“मला ठाऊक आहे कशाला आलात. माझंच लाकूड कच्चं निघालं. जीव थाऱ्यावर नाही माझा.”

“लाकूड पक्कं आहे, धोंडीरामकाका,” यशोधर म्हणाला. “वासा वाकला तो मी मध्ये बसवलेल्या खांबाने. चूक माझी.”