मधली वाट

शूर्पारकात महीधर राजाचे राज्य होते, तेव्हाची ही गोष्ट. त्या नगरापासून दोन दिवसांच्या वाटेवर एका खाडीच्या तोंडाशी कोळ्यांचे गाव होते. बोधिसत्त्व तिथे नंदिक नावाने जन्मले आणि पुढे गावाचे तांडेल, म्हणजे साऱ्या होड्यांचे म्होरके झाले.

चैत्रात गाभोळीने भरलेले मासे अंडी घालायला आतल्या उथळ पाण्यात येत. गावकरी तोंडाशी खुंट रोवून जाळे बांधीत, पण मध्ये होडीभर रुंदीची वाट मोकळी सोडीत. तशी रीतच होती.

त्या वर्षी वादळाने बऱ्याच होड्या फुटल्या होत्या. रोहक नावाच्या तरुण कोळ्याची बायको बाळंतीण होती आणि अंगावर दूध नव्हते. मासे येताना पाहून त्याला राहवले नाही. त्याने मधल्या वाटेतही जाळे ओढले.

"तांडेल रागावतील हां," शेजारचा किटक म्हणाला.

"रागावू देत. त्यांच्या घरी कुठं तान्हं रडतंय?"

नंदिक छातीभर पाण्यातून चालत आला. जाळ्याशी अडलेल्या माशांनी पाणी नुसते उसळत होते.

"रोहका, हे आत गेले नाहीत तर पुढच्या चैत्रात काय धरशील?"

"तोवर पोर जगायला हवं ना, बाबा! उपदेशाचं कालवण होत नाही."

होड्यांत हशा पिकला. नंदिकही हसला. "खरंय. मग असं करू. या वाटेने जाईल तो मासा माझ्या वाट्यातून गेला असं धरा. तांडेल म्हणून मला मिळतं, ते मोसमभर तू घे. वाट तेवढी सोड."

म्हातारा फसला, असे रोहकाला वाटले. त्याने भराभर गाठी सोडल्या.

रोज तांडेलाची टोपली रोहकाच्या दारी येऊ लागली. पंधरा दिवसांत बायकोला दूध आले, बाळ बाळसे धरू लागले. मग एका ओहोटीला रोहक खडकांवरून जात असता नंदिक आणि त्याची बायको सोमा कालवे फोडताना दिसली.

"हळू फोडा," सोमा म्हणत होती. "दगड नाही शिजवायचे मला."

नंदिकाची बोटे कापली होती.

"बाबा, इतके दिवस हेच खाताय?"

"चव वाईट नाही रे."

रोहकाला मान वर करवेना. संध्याकाळी वाटे पडताना तो सर्वांदेखत म्हणाला, "तांडेलांना त्यांचं परत द्या. वाटेने गेलेला मासा उद्यापासून माझ्या वाट्यातून गेला असं धरा."

मग किटक म्हणाला, "तुझ्या एकट्याच्या का? माझ्याही धर." मागोमाग एकेक जण तेच म्हणाला. तोटा असा वाटून घेतल्यावर प्रत्येकाची टोपली मूठभरच उणी झाली, आणि त्या मोसमात गावातली एकही चूल थंड राहिली नाही.

आपल्या मागच्या जन्माची एवढी गोष्ट सांगून शास्ता, म्हणजे भिक्षूंचे गुरू, म्हणाले, "भिक्षूंनो, भिक्षेतला घास लपवून ठेवला म्हणून आज खाली मान घालून बसलेला हा भिक्षू, तोच तेव्हाचा रोहक. त्याची मान तेव्हाही पुन्हा वर आली होती. गावकरी तुम्ही होता आणि नंदिक मी. दुसऱ्याला सोड म्हणण्याआधी आपले सोडावे. दान म्हणतात ते हेच."