'शक्यतो' कुणी लिहिला?

एकदा एक वृद्ध यंत्रज्ञ राष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते. कापड रंगवण्याच्या कारखान्यांत वाफेच्या टाक्या फुटत, माणसे भाजत. तीन वर्षे खपून त्यांनी मानकात एक कलम लिहिले: प्रत्येक टाकीला दोन सुरक्षा-झडपा असल्याच पाहिजेत.

हरकती मागवल्या, तेव्हा कारखानदार गोड बोलत आले. "गुरुजी, कलम सोन्यासारखं आहे. फक्त 'शक्यतो असाव्यात' एवढं करा. नाहीतर लहान धंदे मरतील हो!" मानकाला सर्वांची संमती लागते, ती नसेल तर तीन वर्षे पाण्यात. गुरुजींनी तो शब्द स्वहस्ते लिहिला. एवढा शहाणा माणूस! पण शहाण्यालाही थकवा येतोच की.

पुढच्याच वर्षी एक टाकी फुटली. तिला एकच झडप होती, तीही गंजलेली. केरू नावाचा कामगार होरपळून मेला. चौकशीत मालकाने मानक उघडून दाखवले, "दुसरी झडप शक्य नव्हती," म्हणाला आणि सुटला.

फेरविचाराची बैठक भरली. गुरुजींनी केरूच्या बायकोला, भागूबाईला, सोबत आणले, आपल्या खुर्चीवर बसवले आणि स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले. इतिवृत्त लिहिणारा त्यांचा शिष्य ओशाळला. "गुरुजी, बाईंना यातलं काय कळणार?"

भागूबाईने कागद पुढे ओढला. "त्यो शब्द कंचा? कुणी लिवला?"

गुरुजी भिंतीपासून पुढे आले.

"मी लिहिला, बाई," गुरुजी म्हणाले.

"मंग तवा मला का न्हाई इचारलं? म्या व्हय म्हटलं नसतं."

बैठक संपली. कलम जसेच्या तसे राहिले. बाहेर आल्यावर शिष्याने विचारले, "तो शब्द कधीच जाणार नाही का?"

"कसा जाईल? काढायलाही संमती लागते, आणि ती द्यायला तेच कारखानदार बसलेत. अरे, 'सर्वांची संमती' म्हणजे त्या खोलीतले बारा जण. टाकीपाशी उभा राहणारा त्यांत कधी नव्हताच, आणि हे मला माणूस गेल्यावर सुचलं. जळो माझं शहाणपण!"

शिष्याने इतिवृत्तात उपस्थितांच्या यादीत भागूबाईचे नाव लिहिले. दुसऱ्या दिवशी निरोप आला: बाई सभासद नाहीत, नाव काढा, नाहीतर इतिवृत्त मंजूर होणार नाही. इतिवृत्त अडू नये म्हणून त्याने नाव खोडले. 'शक्यतो' लिहिताना गुरुजींचा हात कसा वळला असेल, हे तेव्हा त्याला कळले.